फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टम टाकताय? फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत, कोणती घ्यायची: यूएफएस की झेडएफएस?

जुना, 1 जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर यूएफएसच घ्या. लाइट गेली तरी जर्नलमुळे (डिस्कवरच्या बदलांच्या नोंदवहीमुळे) डिस्कची तपासणी पटकन उरकते. पण फाइल आतून सडली तर यूएफएसला पत्ताही लागत नाही.

झेडएफएस प्रत्येक ब्लॉकचा (डेटाच्या तुकड्याचा) चेकसम, म्हणजे डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा, तपासतो. डिस्क मिरर केलेल्या (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) असतील तर बिघडलेला तुकडा स्वतःच दुरुस्त करतो. तो रॅम खातो ही तक्रार अर्धीच खरी, कॅशेला (रॅममधल्या तात्पुरत्या साठ्याला) मर्यादा घालता येते.

मला झेडएफएस पटवलं ते त्याच्या बूट एन्व्हायर्न्मेंटने, म्हणजे सिस्टमच्या जपून ठेवलेल्या, बूट करता येणाऱ्या प्रतीने. अपग्रेडनंतर ग्राफिक्स ड्रायव्हर चालेना, स्क्रीन काळी ठिक्कर. रीबूट केलं, लोडरच्या (सिस्टम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत अपग्रेडआधीचं एन्व्हायर्न्मेंट निवडलं आणि दोन मिनिटांत कामाला लागलो. यूएफएसवर बॅकअप शोधत बसलो असतो.