बस्ता बांधायचा कुठे? पेठ, येवला, मॉल की मोबाइल

लग्न ठरलं की हॉलच्या खालोखाल वाद होतो तो बस्त्यावरून. आईला लक्ष्मी रोडचं नेहमीचं दुकान हवं, नवरीला मॉल, तिच्या भावाला मोबाइलवरून मागवायचं, आणि एखादी मावशी ‘त्यापेक्षा सरळ येवल्यालाच जाऊ’ म्हणून बसलेली. घरातल्या तीन लग्नांत पिशव्या उचलून झाल्यावर माझं मत असं झालंय की सगळा बस्ता एका छपराखाली घ्यायचा हट्टच चुकीचा. आणि दुकान निवडताना भाव शेवटी बघावा. आधी बघावं ते हे, की कपडा चुकला तर या दुकानात पुढे काय होतं.

पेठेतल्या गादीच्या दुकानापासून सुरू करू, कारण आहेराच्या साड्यांना त्याला अजून तोड नाही. पांढऱ्या चादरीवर बसायचं, ‘किती नग, कितीपर्यंत?’ या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि समोर ढीग पडायला लागतो. तीस-चाळीस साड्या, त्यात विहीणबाईंची वेगळी, आत्यांच्या एकसारख्या, मामींना कमी-जास्त वाटणार नाही अशा. हे गणित वीस वर्षं गादीवर बसलेला माणूस जसं सोडवतो तसं कुठलंही ॲप सोडवत नाही. फॉल-पिको तिथेच होतं, मोठ्या बस्त्यावर सूट मिळते, आणि उरलेल्या साड्या घडी न मोडता आणल्या तर बदलून द्यायचं बरीच दुकानं कबूल करतात. कबूल केलेलं बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्द देणारा विक्रेता नेमका त्या दिवशी सुट्टीवर असतो.

खोट अशी की पाच हजार सांगितले की पहिली साडी आठची उघडते. चहा पिऊन झाल्यावर नाही म्हणणं जड जातं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यामुळे खरी मर्यादा सांगूच नका, थोडी खालची सांगा. रंग ट्यूबलाइटखाली ठरवू नका. साडी उचलून दारापाशी उजेडात न्या. त्याला कोणी दुकानदार हरकत घेत नाही. पैसे मात्र सहसा परत मिळत नाहीत, बदली मिळते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी सदोष मालाला लागू होत नाही, एवढं ध्यानात असू द्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रंग घरी आल्यावर आवडला नाही, हा मात्र दोष नव्हे.

येवल्याला जायचं ते एका साडीसाठी, फार तर दोन. आहेरासाठी तिकडे जाणं म्हणजे पेट्रोल जाळणं. नवरीची पैठणी खरी हातमागाची हवी असेल तर मात्र जावं. माग बघता येतो, विणणाऱ्याशी बोलता येतं, रंग आणि पदरावरचे मोर, मुनिया, आसावली आपल्या पसंतीने सांगून विणून घेता येतात. त्याला वेळ लागतो. भरलेल्या पदराची साडी महिनोन् महिने मागावर असते, तेव्हा पत्रिका छापायच्या वेळी धावत जाऊन उपयोग नाही. येवला-पैठणच्या पैठणीला 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण येवल्याच्या दुकानात दिसणारी प्रत्येक साडी हातमागाची असते असं नाही. यंत्रमागाची सेमी पैठणीही शेजारच्याच कपाटात असते. पदर उलटा करून बघा. हातविणीत मागची बाजू जवळजवळ पुढच्यासारखीच साफ दिसते, यंत्राच्या कामात मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल मागा. हजार-दीड हजाराची पैठणी हातमागाची असूच शकत नाही. ती वाईट असते असं नव्हे. मावशीच्या आहेराला छान आहे, फक्त तिला सेमी म्हणूनच विकत घ्या.

मॉलमध्ये मात्र दोन वेगळ्या जातीची दुकानं आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. एक, अनेक ब्रँड एका ठिकाणी ठेवणारं. शॉपर्स स्टॉपने 1991 मध्ये अंधेरीत सुरुवात केली ती ही पद्धत. दुसरं, बहुतेक माल स्वतःच्याच नावाचा विकणारं, जसं टाटांच्या ट्रेंटचं वेस्टसाइड किंवा झुडिओ. पुरुषांचे शर्ट, सूट, वडिलांची पँट यांसाठी पहिलं उत्तम: ट्रायल रूम आहे, पँटची लांबी कमी करून मिळते, बिल असलं की बदलताना वाद होत नाही. हळदीला आणि मेंदीला दुसरं. हळदीचा कुर्ता एकदाच अंगात घालायचा आणि पिवळा करून टाकायचा, त्याला तीन हजार कशाला? फक्त सगळ्या भावंडांचे एकाच दिवशी घ्या. अशा दुकानात माल भराभर बदलतो, पुढच्या आठवड्यात तोच रंग दिसेल याची खात्री नाही. झुडिओचा माल ऑनलाइन मिळतही नाही.

मॉलमध्ये साड्या बघण्यात वेळ घालवू नये, असं मला वाटतं. हँगरला लटकलेली साडी काही सांगत नाही.

कराचाही थोडा हिशेब आहे. सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या नगावर 18. तयार शेरवानी महाग पडते त्यात हाही वाटा असतो. साडी कापडात मोडते, तिच्यावर 5 टक्केच.

मोबाइलवरून घ्यायचं ते ज्याचं माप आधीच माहीत आहे तेच: ठरलेल्या ब्रँडचा शर्ट, पोरांचे कुर्ते, पेटीकोट. साडी नको. आमच्याकडे एकदा फोटोतला रामा रंग डब्यातून मोरपंखी होऊन बाहेर आला. परत पाठवली, पण पैसे येईपर्यंत साखरपुडा उरकला होता. मागवायचंच असेल तर लग्नाआधी महिनाभर, आणि पार्सल फोडताना व्हिडिओ काढून ठेवा.

मुंबईत हिंदमाता, मंगलदास मार्केट इथे मीटरवर कापड घेऊन शिवून घेण्यात अजूनही पैसे वाचतात, पण तुमचा शिंपी लग्नसराईत शब्द पाळणारा असेल तरच. फॅशन स्ट्रीट कॉलेजच्या पोरांना. बस्त्याच्या यादीत तिचं काम नाही.

राहिली नवरदेवाची शेरवानी. ती पुन्हा कोणी घालत नाही, म्हणून भाड्याने घ्या, असं मी आता उघड सांगतो. कॉलरची आतली बाजू आणि काखेतलं अस्तर नीट बघा, अनामत किती आणि डाग पडला तर किती कापणार हे विचारा. आणि लग्नानंतर पूजा, गोंधळ, पाहुण्यांच्या गाड्या या सगळ्यात ती परत द्यायला कोण जाणार, हे नाव आजच ठरवा. नवरदेव जाणार नसतो.