कोपर्निकस ब्राउझर: द्राक्षबागेसाठी वापरून पाहिल्यावर

आमच्या दिंडोरी तालुक्यात छाटणीचा हंगाम आला की "सॅटेलाइटवरून तुमच्या बागेवर लक्ष ठेवतो" म्हणत एकरी पैसे मागणारी मंडळी फिरू लागतात. त्यांच्यातल्या एकाचं ॲप आम्ही एक हंगाम घेतलं होतं. त्यातला नकाशा मोठा करून पाहिला, तर रंगाचा प्रत्येक चौकोन दहा मीटरचा आणि चित्रांच्या तारखा पाच-पाच दिवसांच्या अंतराने. हे माप युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांचं, आणि त्यांची चित्रं जगात कोणालाही फुकट मिळतात. तेव्हापासून मी ही चित्रं फुकट दाखवणारं युरोपचं संकेतस्थळ, म्हणजे कोपर्निकस ब्राउझरच, थेट उघडते.

मोबाइलवर तो उघडतो, पण काम खरं संगणकावरच होतं. ईमेल देऊन नोंदणी करायची, नकाशावर आपलं गाव शोधायचं, प्लॉटच्या बांधावरून रेघ ओढून हद्द आखायची. मग तारीख निवडायची आणि ढगांचं प्रमाण कमी ठेवायचं, नाहीतर नुसता पांढरा कापूस दिसतो. मराठी नाही, पण चार-पाच इंग्रजी शब्द सवयीचे झाले की अडत नाही. उपग्रह आपल्यावरून जातो सकाळी अकराच्या सुमारास.

मी सर्वांत जास्त पाहते तो एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवेपणा मोजणाऱ्या आकड्याचा थर. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश जोरात परत फेकतं. या दोन्हींच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागलं की तो आकडा मिळतो. एका एकरात असे साधारण चाळीस चौकोन बसतात, त्यातले कडेचे बांध आणि रस्त्यात मिसळतात. म्हणून पाऊण-एक एकराच्या तुकड्याला याचा फार उपयोग नाही. दोन-तीन एकरांचा सलग प्लॉट असेल, तर मात्र बघण्यासारखं बरंच असतं.

आमच्या थॉमसन जातीच्या द्राक्षांच्या प्लॉटमध्ये ऑक्टोबर छाटणीनंतर, फुटवे वाढून मांडव भरत आला, तेव्हा खालच्या कोपऱ्यातले चौकोन सलग दोन चित्रांत फिके राहिले. बांधावरून बघता सगळं सारखंच हिरवं वाटत होतं. ओळीत शिरून ड्रिपच्या नळ्या तपासल्या, तर त्या भागातले ड्रिपर क्षारांनी निम्मे बंद. ॲसिड देऊन नळ्या धुतल्या आणि पुढच्या चित्रांत तो कोपरा हळूहळू बाकी प्लॉटच्या रंगाला आला. मजूर सगळ्या ओळी रोज तपासू शकत नाहीत. कुठल्या ओळीपासून सुरुवात करायची हे चित्राने सांगितलं, आणि माझ्या मते याचं खरं मोल तेवढंच आहे.

शेजारचे अण्णा स्क्रीनकडे बघून पहिलाच प्रश्न विचारते झाले, "ताई, यात डाऊनी दिसतो का?"

"नाही अण्णा, दिसत नाही. पान पिवळं पडून गळायला लागल्यावर दिसेल, तोवर उशीर झालेला असतो."

डाऊनीसारखाच बुरशीचा दुसरा रोग भुरी, त्याचंही तेच. फवारणीचा निर्णय यावर घेऊ नये, कोणी विकायला आला तरी. दुसरी अडचण तणाची. ओळींमध्ये गवत माजलं की तेही हिरवंच मोजलं जातं आणि बाग आहे त्यापेक्षा जोमदार वाटते. ज्या प्लॉटवर प्लास्टिक आच्छादन आहे, तिथला आकडा तर मी धरतच नाही. पावसापासून वाचण्यासाठी नाशिक जिल्ह्यात आच्छादन वाढत चाललंय, त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

सगळ्यात मोठी अडचण ढग. २०२५ मध्ये आपल्याकडे पाऊस मे महिन्यातच उतरला आणि ऑक्टोबरपर्यंत रेंगाळला. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडी तयार होण्याचा, म्हणजे पुढच्या वर्षाचे घड ठरण्याचा काळ, आणि नेमका तेव्हाच प्लॉट दिसत नव्हता. अशा वेळी याच ब्राउझरमध्ये सेंटिनल-१ हा रडारचा उपग्रह निवडता येतो, त्याला ढग आणि अंधार अडवत नाहीत. त्यातून वेलीचं आरोग्य मला वाचता येत नाही, पण धरणाचं पाणी वाचता येतं: शांत पाणी काळं दिसतं, त्यामुळे भर पावसाळ्यात करंजवण आणि वाघाडचा फुगवटा कुठवर आलाय ते घरबसल्या कळतं.

या रडारच्या मागची गोष्ट प्रत्येक बागायतदाराने वाचावी असं मला मनापासून वाटतं. सेंटिनल-१ नावाचे एकामागून एक उपग्रह आहेत: १ए, १बी, १सी, १डी. डिसेंबर २०२१ मध्ये १बी वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने बंद पडला. त्याच्या जागी जाणारा १सी युरोपच्या व्हेगा-सी रॉकेटवरून जायचा होता, पण डिसेंबर २०२२ मध्ये त्या रॉकेटचा दुसरा टप्पा निकामी झाला, त्यावरचे दुसरेच दोन उपग्रह गेले आणि रॉकेट दोन वर्षं जमिनीवर राहिलं. अखेर ५ डिसेंबर २०२४ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून १सी वर गेला. तोवर १ए एकटाच काम ओढत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये एरियान-६ रॉकेटने १डी नेला. आपण पाहतो ते सेंटिनल-२चं चित्रही असंच टिकून आहे: २सी सप्टेंबर २०२४ मध्ये जुन्या व्हेगाच्या शेवटच्या उड्डाणाने गेला आणि जानेवारी २०२५ पासून त्याने थकलेल्या २एची जागा घेतली. एक रॉकेट पडलं की चित्रांचं वेळापत्रक वर्षानुवर्षं विस्कटतं.

म्हणूनच ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्हीने निसार नेला, तेव्हा मी ते थेट प्रक्षेपण शेवटपर्यंत पाहिलं आणि ऊर भरून आला. इस्रो आणि नासाचा हा उपग्रह दोन प्रकारच्या रडार लहरी वापरतो, बारा मीटरची जाळीदार अँटेना उघडतो आणि दर बारा दिवसांनी त्याच जमिनीवरून परत येतो. जमिनीतला ओलावा मोजणं हे त्याच्या कामांपैकी एक आहे, आणि माहिती सर्वांना खुली ठेवायची हे धोरण आधीच ठरलेलं आहे.

पैसे देऊन सेवा घ्यायचीच असेल, तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: चित्र कुठल्या उपग्रहाचं, चौकोन किती मीटरचा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढगांखाली तुम्ही काय दाखवणार? उत्तर "सेंटिनल-२, दहा मीटर" असं आलं, तर आधी एक हंगाम हा ब्राउझर स्वतः वापरून पाहा. सल्ला द्यायला माणूस प्लॉटवर येणार असेल तर त्याचे पैसे जरूर द्यावेत. चित्राचे देऊ नयेत.