इंजेक्शन की क्लोमिफीन: एसएचबीजीचं काय होतं?

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वाढवायला कुणाला त्याचंच इंजेक्शन मिळतं, कुणाला क्लोमिफीनची गोळी. रिपोर्टवर एकूण आकडा दोन्हींनी वाढतो. खरा फरक एसएचबीजीत. यकृतात तयार होणारं हे प्रथिन टेस्टोस्टेरॉनला घट्ट धरून ठेवतं. रक्तात मोकळं, म्हणजे शरीराला थेट वापरता येणारं, असतं जेमतेम 2 टक्के.

इंजेक्शनने एसएचबीजी सहसा उतरतं, त्यामुळे मोकळा वाटा वाढतो. क्लोमिफीन मात्र यकृतावर काहीसं इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखं वागतं. एसएचबीजी चढू शकतं, आणि एकूण आकडा छान दिसूनही मोकळं टेस्टोस्टेरॉन त्या मानाने वाढत नाही. म्हणून नुसत्या एकूण आकड्यावर खूश होऊ नका, डॉक्टरांना विचारून एसएचबीजीही तपासून घ्या.

तरी मूल हवं असेल तर इंजेक्शन नकोच: वृषणांना कामाला लावणारी एलएच, एफएसएच ही संप्रेरकं दबतात, शुक्राणू घटतात. क्लोमिफीनने ही दोन्ही संप्रेरकं उलट वाढतात.