एक घर की तीन घरं? परदेशातल्या शाळकरी वर्षाचा हिशोब

दहावीनंतर वर्षभर परदेशी जायचं हे घरात एकदा ठरलं की पुढची सगळी चर्चा देशावर अडते. जर्मनी बरी की अमेरिका, थंडी किती, शाकाहाराचं काय. मला विचाराल तर त्याआधी दुसराच प्रश्न सोडवायला हवा: वर्ष तिकडच्या एकाच कुटुंबाच्या घरात काढायचं, की तीन घरांत? कारण हा फरक बहुधा संस्थेबरोबरच येतो. रोटरी क्लबाच्या वर्षभराच्या विद्यार्थी-एक्स्चेंजमध्ये मूल सहसा तीन-चार महिन्यांनी घर बदलतं. एएफएससारख्या, मुलांना परदेशी शाळेत पाठवणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडून गेलात तर साधारणपणे एकच होस्ट फॅमिली, आणि अगदीच बिनसलं तर दुसरी.

मी २०१६ च्या ऑगस्टमध्ये रोटरीकडून सांगलीहून जर्मनीला गेलो. म्युन्स्टरजवळच्या एका लहान गावात अकरा महिन्यांत तीन घरं केली. माझा मावसभाऊ पुढच्या वर्षी अमेरिकेत, आयोवात गेला आणि दहा महिने एकाच घरात राहिला. तेव्हापासून आम्ही दोघं दर दिवाळीला या विषयावर भांडतो. म्हणजे पुढचं सगळं दोन पोरांच्या अनुभवावर उभं आहे, हे लक्षात ठेवूनच वाचा.

फॉर्म भरताना बाबांचं मत एका घराकडे होतं. "तीन घरं म्हणजे तीनदा सासरी जाणं," ते म्हणाले. आई म्हणाली, एकदा जाऊन बघा म्हणजे कळेल. मी तीन घरं निवडली तीही काही फार विचार करून नाही. क्लबाच्या कार्यक्रमात वर्ष करून परतलेल्या एका मुलीचा ब्लेझर इतर देशांच्या मुलांशी अदलाबदल केलेल्या पिनांनी पुरता झाकलेला पाहिला होता, आणि मला तसाच ब्लेझर हवा होता.

एका घराची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. भावाला जानेवारीत फ्लू झाला तेव्हा होस्ट मदरने कामावरून रजा काढली आणि आठ दिवस त्याला सूप पाजलं. पाच महिन्यांच्या सहवासावर झालेली काळजी होती ती. मला ताप आला तो तिसऱ्या घरातल्या चौथ्या दिवशी. माणसं भलीच होती, पण क्लबातल्या माझ्या कौन्सेलरला, म्हणजे माझी विचारपूस करायला नेमलेल्या माणसाला, फोन करायचा का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. अजून मी त्यांच्या लेखी क्लबाचा होतो. पुढे भावाचे होस्ट आई-बाबा त्याच्या थोरल्या बहिणीच्या लग्नाला मिरजेला आले, फेटा बांधून पंगतीला बसले. माझ्या तीन घरांपैकी एकाकडून नाताळचं कार्ड येतं, एकाशी अधूनमधून फोन होतो, आणि एकाशी आता काहीच संबंध नाही. नात्याची खोली हा तुमचा निकष असेल, तर इथेच वाचन थांबवून एका घराचा फॉर्म भरायला हरकत नाही.

शिवाय घर बदलणं हा नुसता भावनेचा प्रश्न नसतो. जर्मनीत पत्ता बदलला की दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात नोंद करावी लागते, घरमालकाच्या सहीचा कागद घेऊन. मी त्या बाकावर तीनदा बसलो. बॅगेचं वजनही दर घरागणिक वाढतं. येताना दोन हातांत मावलेलं सामान तिसऱ्या घरी जाताना एका मोटारीत मावेना. आणि तारखा कुणाच्या मनाप्रमाणे पडत नाहीत. नाताळच्या आधीचे चार रविवार तिकडे हिरव्या माळेवरच्या चार मेणबत्त्या एकेक वाढवत लावतात. माझी दुसरी मेणबत्ती एका घरात लागली आणि तिसरी दुसऱ्याच घरात. दुसऱ्या घरच्यांनी मला काडी ओढायला दिली, तरी ती माळ माझी नव्हती.

इथपर्यंत वाचून बाबा बरोबर होते असं वाटेल. मलाही डिसेंबरपर्यंत तसंच वाटत होतं.

ज्या एका गोष्टीने माझं मत फिरलं ती म्हणजे फ्रिज.

माझ्या पहिल्या घरी गरम जेवण दुपारी असायचं. संध्याकाळी साडेसहाला पाव, चीज, काकडी, ज्यांना चालतं त्यांना मांसाचे थंड काप. सातला टेबल पुसून स्वच्छ. सांगलीत जेवायला नऊ वाजतात, त्यामुळे नऊ वाजले की माझं पोट वरणभात मागायचं. त्या घरात कुणी मला फ्रिज उघडू नकोस म्हटलं नव्हतं. उलट पहिल्याच दिवशी होस्ट मदर म्हणाली होती, हे तुझंच घर समज. पण हे वाक्य ऐकल्यावर पाहुण्याने फ्रिज उघडायचा नसतो, हे तिला कोण सांगणार? टेबलावरही तेच. तिने अजून घे म्हटलं की मी सवयीने नको म्हणायचो आणि आग्रहाची वाट बघायचो. आग्रह आला नाही. ताट उचललं गेलं.

आईने सामानात भडंगाचे सहा पुडे दिले होते. रात्री पांघरुणात डोकं घालून ते खायचो. त्या घराच्या भिंती लाकडी होत्या आणि कुरकुर खालपर्यंत ऐकू जाईल अशी भीती, म्हणून घास तोंडात धरून मऊ करायचो नि मग गिळायचो. भडंगाचा याहून मोठा अपमान सांगलीच्या माणसाने केला नसेल. नोव्हेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल सुरू झाला आणि आईने पहिल्याच कॉलला सांगितलं, गाल बसलेत. बाबा नोटाबंदीच्या रांगेतून नुकतेच परतले होते. त्यांनी दोष कॅमेऱ्याला दिला.

तुम्ही म्हणाल, विचारायचं की सरळ. पहिल्या दिवशी विचारता आलं असतं. दहाव्या दिवशीही कदाचित. पण पहिल्या पंधरा दिवसांत तुम्ही जसे वागता तसेच तुम्ही आहात, असं घर धरून चालतं. मी कमी खाणारा, अबोल, लवकर झोपणारा मुलगा ठरलो होतो आणि ती माणसं त्या मुलाला जपत होती. शंभराव्या दिवशी फ्रिज उघडायचा तर आधीच्या नव्व्याण्णव दिवसांचा खुलासा द्यावा लागतो. तो मला मराठीतही देता आला नसता.

डिसेंबरात बॅग भरायला होस्ट मदर मदतीला आली. पलंगाखाली घड्या घातलेले रिकामे पुडे तिला सापडले. मोडक्या जर्मनमध्ये मी काय ते सांगितलं. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "विचारलं का नाहीस?" भीड या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणतात हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि अजून सापडलेलं नाही. तिला लागलं होतं हे मात्र दिसत होतं.

दुसऱ्या घरात पहिल्याच संध्याकाळी मी विचारलं, रात्री भूक लागली तर काय करायचं? होस्ट फादरने फ्रिज उघडला, खालच्या फळीवरचं चॉकलेट पुडिंग मुलीचं आहे, बाकी सगळं तुझं, असं सांगितलं आणि दार लावलं. एक मिनिट लागलं असेल. त्या घरात मी दोनदा वाढून घेणारा, बडबड्या मुलगा होतो, आणि हा कोण नवाच, असं कुणाला वाटायचं कारण नव्हतं. त्यांनी आधीचा पाहिलाच नव्हता. त्याच महिन्यात वर्गात हातही वर जायला लागला. तिकडे तोंडी सहभागाला गुणांत चांगलाच वाटा असतो आणि तोवर माझ्या रकान्यात शांतता होती. त्याचा फ्रिजशी संबंध आहे असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. चार महिन्यांत भाषा सुधारली हेही खरं कारण असू शकेल.

भावाची गोष्ट याच जातीची, फक्त फ्रिजऐवजी मोटार. घर गावाबाहेर, मक्याच्या शेतांमध्ये. शाळेची पिवळी बस सोडली तर कुठेही जायला कुणीतरी सोडायला हवं, आणि एक्स्चेंजच्या मुलाला गाडी चालवायची मुभा नसते. पहिल्या आठवड्यात त्याला विचारलं, शुक्रवारी रात्री शाळेची फुटबॉलची मॅच आहे, येतोस? आपल्यासाठी उगाच कशाला यांना हेलपाटा, म्हणून तो म्हणाला, मला खेळांची फारशी आवड नाही. हा पोरगा मिरजेत गल्लीतल्या प्रत्येक मॅचला पंच म्हणून उभा असायचा. त्या प्रेमळ माणसांनी त्याचा शब्द मानला आणि पुन्हा गळ घातली नाही. सगळा मोसम त्याने शुक्रवारच्या रात्री पुस्तकं वाचून काढल्या. खरं काय ते सांगितलं एप्रिलमध्ये, आणि फुटबॉल तर हिवाळ्याआधीच संपलेला.

घर बदलून मागता येत नाही का? येतं. अमेरिकेत संस्थेच्या स्थानिक समन्वयकाने महिन्यातून एकदा तरी मुलाशी आणि कुटुंबाशी बोलायचं असा नियमच आहे. पण एका घराच्या व्यवस्थेत बदल मागणं म्हणजे तक्रार करणं, आणि मॅचला नेत नाहीत म्हणून कुणी सूप पाजणाऱ्या बाईची तक्रार करत नाही. तीन घरांच्या व्यवस्थेत बदल कॅलेंडर करतं. कुणाचा अपमान होत नाही, आणि नव्या घरात पहिला दिवस पुन्हा एकदा मिळतो.

भावाचं म्हणणं, हे सगळं आपल्या स्वभावाचं रडगाणं आहे, घरांच्या संख्येचं नाही. असेलही. आमच्याकडे त्याच वर्षी ब्राझीलचा एक मुलगा राहायला होता, कारण रोटरीत मूल पाठवणाऱ्या घराने बहुतेक वेळा एक मूल ठेवूनही घ्यायचं असतं. त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रिज उघडून चहाचं सगळं दूध उभ्या उभ्या पिऊन टाकलं. आई आठवडाभर अवाक होती, मग तिने अर्धा लिटर जास्तीचं लावलं. अशा मुलाला दुसऱ्या घराची गरज नव्हती. तो ठरल्याप्रमाणे पुढच्या घरी गेला तेव्हा त्याच्यापेक्षा आईचंच जास्त नुकसान झालं. गवळ्याला सांगायचं विसरल्यामुळे ते अर्धा लिटर आणखी आठ दिवस येत राहिलं.

सध्या मावशीच्या धाकटीसाठी दोन्हीकडचे फॉर्म आणून ठेवले आहेत. गेल्या रविवारी ती आमच्याकडे आली होती. आईने पोहे दिले, अजून घे म्हणाली. ती म्हणाली, "नको मावशी, पोट भरलं," आणि रिकाम्या बशीतला शेवटचा शेंगदाणा बोटाने टिपत बसली. तीन घरांचा फॉर्म आधी भर, असं मी तिला सांगितलं आहे. तिच्या भावाला अजून कळलेलं नाही.