आधी ‘स्पॅनिश प्रिझनर’ की ‘सायफर’?

कंपन्यांमधल्या हेरगिरीवरचा निओ-न्वार (गुन्हा, फसवणूक आणि संशयाच्या काळोख्या जगातला आधुनिक सिनेमा) बघायचाय, पण सगळ्यांनी सुचवलेलेच सिनेमे पुन्हा नकोत, अशांनी या दोनांतून निवड करावी.

डेव्हिड मॅमेटच्या ‘द स्पॅनिश प्रिझनर’मध्ये (१९९७) जो रॉस या कर्मचाऱ्याने कंपनीसाठी एक गुप्त प्रक्रिया शोधलीय. ती कशाची, हे सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही. नफ्याचा आकडा फळ्यावर लिहिला जातो, पण आपल्याला दिसत नाही! जोला एवढंच हवंय की त्याचं देणं कंपनीनं कागदावर मान्य करावं. मालक गोड बोलतो आणि विषय पुढे ढकलतो. अप्रेझलच्या दिवसांत हे बघताना पोटात खड्डा पडतो. याच दुखऱ्या जागी हात ठेवत एक श्रीमंत अनोळखी माणूस जो रॉसशी ओळख वाढवतो. त्या भूमिकेत विनोदासाठी ओळखला जाणारा स्टीव्ह मार्टिन आहे आणि तो एकदाही हसवायला जात नाही. नावातली ठगी जुनीच: तुरुंगातल्या धनिकाला सोडवायला पैसे द्या, मग घबाड मिळेल. ईमेलवर येणारे परदेशी वारसे तिचेच वंशज. रक्तपात जवळजवळ नाही, भीती सगळी सह्यांची आणि सौजन्याची. फक्त संवाद तुटक, मुद्दाम नाटकी आहेत. पहिली वीस मिनिटं ते खटकतील, तेवढी कळ काढा.

‘सायफर’ (२००२) हा ‘क्यूब’ सिनेमावाल्या दिग्दर्शक विन्चेंझो नातालीचा. घरी-दारी कंटाळलेला मॉर्गन सलिव्हन खोट्या नावानं परिषदांना जातो आणि भाषणं चोरून रेकॉर्ड करतो. भाषणं इतकी रटाळ की ती चोरावी कुणी, असा प्रश्न पडतो. तो प्रश्नच कथेची किल्ली आहे. मग प्रतिस्पर्धी कंपनीही त्याला आपला हेर बनवते, आणि आपण नक्की कोण, याचाच त्याला पत्ता राहत नाही. सुरुवातीचे धुतल्यासारखे फिके रंग या गोंधळाला शोभतात. संगणकी दृश्यं मात्र आता स्वस्त वाटतात. कोडं पूर्ण सुटलेलं आवडत असेल तर हाच लावा. माणसं लक्षात राहायला हवी असतील तर मॅमेट. माझं मत अर्थातच तिकडे.

ऑलिव्हिए असायासचा ‘डेमनलव्हर’ही (२००२) याच गल्लीतला. सुरुवातीलाच विमानात सहकारी बाईच्या पाण्यात औषध मिसळलं जातं, आणि पुढे तो फार विकृत वळणं घेतो. घरच्यांसोबत अजिबात लावू नका.