भाजणं आणि स्फोट एकत्र: रॅट घ्यावा की डुक्कर?

स्फोटात भाजलेल्या रुग्णाच्या उपचारात घोडं अडतं ते सलाईनपाशी. मोठ्या भाजण्यात रक्तातलं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं, म्हणून पार्कलंड सूत्राप्रमाणे पहिल्या २४ तासांत दर किलो वजनामागे, दर टक्का भाजण्यामागे ४ मिली द्रव द्यायचा. पण दाबलाटेने फुप्फुसंही फाटली असतील, तर हाच द्रव तिथे साचून श्वास कोंडतो. यावर प्रयोग करायचा तर प्रत्यक्षात निवड बहुधा रॅट आणि डुक्कर या दोघांत होते.

रॅटची भाजण्याची पद्धत पक्की बसलेली आहे. वॉकर आणि मेसन यांनी १९६८ साली ती मांडली: पूर्ण भूल दिलेल्या रॅटला साच्यात ठेवायचं आणि साच्याच्या खिडकीतून पाठीचा मोजलेला भागच गरम पाण्याला लागू द्यायचा. जखम दरवेळी सारखी होते. शिवाय एकत्रित इजेच्या प्रयोगाला किमान चार गट लागतात: नुसतं भाजणं, नुसता स्फोट, दोन्ही आणि काहीच नाही. हा पसारा रॅटमध्येच परवडतो.

अडचणीही आहेत. ३०० ग्रॅमच्या रॅटच्या अंगात रक्त जेमतेम २० मिली, त्यामुळे तासातासाला नमुने काढता येत नाहीत. कातडी सैल, तिच्याखाली स्नायूचा पातळ थर; जखम आकसून मिटते, माणसासारखी नवी त्वचा पसरून भरत नाही. आणि शॉक ट्यूबमधल्या (प्रयोगशाळेत दाबलाट निर्माण करणाऱ्या नळीतल्या) लाटेचा कालावधी वजनाच्या घनमुळाच्या हिशोबात बसवावा लागतो. रॅटला बसलेली १ मिलिसेकंदाची लाट ७० किलोच्या माणसाला सुमारे ६ मिलिसेकंदांची. हे न बघता नुसता दाब जुळवला, की रॅटसाठी बेतलेला हातबॉम्ब माणसाच्या मापात भलामोठा बॉम्ब होऊन बसतो.

डुकराची कातडी घट्ट आणि विरळ केसांची, भरतेही बरीचशी आपल्यासारखी. व्हेंटिलेटर, कॅथेटर, रक्तदाब सगळं दवाखान्यातल्यासारखं चालवता येतं. ब्रिटनच्या पोर्टन डाउन या लष्करी संशोधन केंद्रात भूल दिलेल्या डुकरांवर स्फोट आणि रक्तस्राव एकत्र करून पाहिले, तेव्हा द्रव कमी देऊन रक्तदाब बराच वेळ मुद्दाम कमी ठेवणं स्फोटग्रस्तांना मारक ठरतं, हे दिसलं. त्या प्रयोगात भाजणं नव्हतं, पण द्रवाचा प्रश्न विचारायची रीत तीच.

म्हणून डुक्कर डोळे झाकून घ्यावं असं नाही. त्याच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी ठाण मांडून असतात; माणसात आणि रॅटमध्ये तशा सहसा नसतात. जंतुविष रक्तात आलं की डुकराच्या फुप्फुसातला दाब भराभर चढतो. म्हणजे ज्या अवयवासाठी मोठा प्राणी घेतला, तोच इथे वेगळा वागतो. मेंदूवरचा परिणाम बघायचा असेल तर जाड कवटीचा हिशोब धरा. मेंढी धुराने पोळलेल्या श्वासमार्गासाठी उत्तम, इथे तिचा विचार नंतर.

माझं मत: दोन इजा एकमेकींना कशा चिघळवतात, सूज आणणारे कुठले दाहक रेणू वाढतात, हे शोधायचं असेल तर रॅट. सलाईन किती आणि केव्हा, हे ठरवायचं असेल तर डुक्करच. रॅटवरून द्रवाचा डोस सांगू नये. इजांचा क्रम आणि मधलं अंतर मात्र प्राणी कुठलाही असो, आधी लिहून ठेवा. भारतात रॅटचा प्रस्ताव संस्थेच्या प्राणी-नीती समितीत निकाली निघतो, डुकराचा केंद्रीय समितीकडे जातो. तो वेळ वेळापत्रकात धरा.