होडीत कार्पेट घालून दहा महिने झाले, आता खरं काय ते सांगतो

नोव्हेंबरात मी होडीत कार्पेट लावलो. (बेळगावात आम्ही असंच बोलतो ओ, मी लावलो, मी केलो. पुण्याकडच्यांनी एकदाच काय ते हसून घ्यावं आणि पुढं वाचावं.) तेव्हा जो तो विचारायचा कसं वाटतंय आणि मी सगळ्यांना एक नंबर म्हणून सांगितलो. पहिल्या महिन्यात नवी चप्पलसुद्धा एक नंबरच वाटती. आता थंडी झाली, ऊन झालं, वळीव झाला, अख्खा पावसाळा जाऊन गणपती पण बसून उठले, म्हणून आता लिहितोय.

आधी होडी कसली ते. बारा फुटी, सपाट बुडाची, ॲल्युमिनियमची. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, आमच्या मशीन शॉपच्या शेडला लागूनच एक फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडून तीन मिलीच्या पत्र्यात आर्गन वेल्डिंग करून बनवून घेतलेली. कंपनीची नाही, त्यामुळं डेक वगैरे जे काय आहे ते माझंच डोकं: पुढं उभं राहून गळ टाकायला प्लायवूडचा चौथरा, मधे बसायची जागा, मागं एक खोकं आणि त्याला झाकण. होडी असती घटप्रभा नदीवरच्या हिडकल डॅमच्या बॅकवॉटरला, एका मामांच्या घरामागं. मामा म्हणजे सख्खे नव्हेत, घटप्रभेत जाळं टाकण्यात आयुष्य गेलेला माणूस, सगळेच त्यांना मामा म्हणतात. सोमवार ते शनिवार होडी मामांची आणि जाळं त्यांचं, रविवारी मी हत्तरगीचा टोल ओलांडून गळ घेऊन पोचतो. हा हिशोब लक्षात ठेवा, पुढचं सगळं भांडण इथंच आहे.

कार्पेट कशाला, तर पहिलं कारण आवाज. ॲल्युमिनियमच्या होडीत हातातून पकड सुटली तरी ठाण्णकन वाजतं आणि काठाला उथळ पाण्यात मरळ मासळी असती ती तेवढ्यावर गायब. दुसरं, डिसेंबरच्या पहाटे पत्रा एवढा गार पडतो की मोजे घालून पण पायाची बोटं बधीर होत्यात, आणि तोच पत्रा एप्रिलच्या दुपारी तवा. तिसरं, चिलापी मासळी काढून टाकली की तिचा तो बुळबुळीत चिकटा ओल्या प्लायवर पसरतो आणि त्यावर पाय पडला की संपलं. मी एकदा असा आपटलो की कोपर पंधरा दिवस सुजलेलं होतं, आणि मेहुणा मला उचलायचं सोडून आधी रॉड वाचवला.

पहिल्यांदा मी शहाणपणा केलो, रविवार पेठेतून मंडपात अंथरतात ते स्वस्तातलं आणलो. दोन रविवार टिकलं. पाणी पिऊन जे बसतंय ते उठतच नाही, आणि तिसऱ्या रविवारी होडीजवळ गेलो तर आधी वास आला मग होडी दिसली. ते काढून फेकलो. मग ऑनलाइन होडीचं म्हणून जे मिळतं ते पॉलिप्रोपिलीनचं मागवलो, सहा फूट रुंद रोल, आठ फूट लांबी, खाली रबरी बॅकिंग, चार हजारांच्या आसपास पडलं. पॉलिप्रोपिलीनचा धागा स्वतः पाणी पीत नाही, म्हणून होडीला हेच चालतं असं सगळे सांगतात आणि ते खरं आहे. पण धागा पीत नाही म्हणून कार्पेट ओलं राहत नाही असं नव्हे, दोन धाग्यांच्या मधे ते धरतंच. मी एक फूट बाय एक फुटाचा उरलेला तुकडा शेडमधल्या काट्यावर ठेवून बघितलो, कोरडा ९५ ग्रॅम. बादलीत बुडवून, पाच मिनिटं दोरीला लटकवून, ठिबकणं थांबल्यावर परत ठेवलो तर २८०. माझ्या होडीत छत्तीस स्क्वेअर फूट आहे, म्हणजे साडेसहा किलो पाणी आपण उगीचच वल्हवत फिरतोय. हे गणित लावायच्या आधी करायला पाहिजे होतं, मी केलो मार्चमध्ये.

आता लावायचं काम, कारण खरी चूक इथं झाली. प्लाय मी चांगलाच घेतला होता, आयएस ७१० वाला मरीन, म्हणजे ओल्यात टिकणारा, बारा मिली. त्याला वरून दोन हात इपॉक्सी मारलो, कडांना पण मारलो, खालच्या बाजूला एकच हात मारलो कारण डबा संपला आणि शनिवारची संध्याकाळ होती. नंतर फ्रेमला बसवताना स्क्रूची भोकं पाडलो, आणि भोकांच्या आत इपॉक्सी सोडायचं डोक्यात पण आलं नाही. एक दिवस लागला असता जास्तीचा. ड्रिलनं भोक थोडं मोठं पाडायचं, इपॉक्सीनं भरायचं, वाळू द्यायचं आणि मग त्यातून स्क्रूचं बारीक भोक. मशीन शॉपमध्ये बावीस वर्षं काम करणाऱ्या माणसाला हे सुचू नये!

चिकटवायला सनमायकाला सुतार लावतात तो रबरी गोंद वापरलो. दोन्हीकडं लावायचा, बोटाला चिकटायचा थांबला की मगच ठेवायचं, आणि ठेवलं की ठेवलं, सरकवता येत नाही. म्हणून अर्धं कार्पेट मागं दुमडून, अर्धं चिकटवून, मग दुसरं अर्धं, असं केलो. गोंद सारखा पसरावा म्हणून जुन्या हॅक्सॉ ब्लेडची दात असलेली बाजू फिरवलो, ते भारी काम देतं. वरून दाबायला हायड्रॉलिक सिलिंडरचा होनिंग केलेला पाईपचा तुकडा होता तो लाटण्यासारखा फिरवलो, मधून कडेकडं, हवा बाहेर. कटर लई लागतात, रबर बॅकिंग दोन फूट कापलं की ब्लेड बोथट, तेव्हा नवीन ब्लेडचं पाकीट घेऊनच बसा. आणि कार्पेटच्या केसांची दिशा बघून घ्या, हात फिरवला की कळतं. सगळे तुकडे एकाच दिशेला, होडीच्या मागच्या बाजूला केस झोपलेले पाहिजेत, म्हणजे ब्रश मारून घाण मागं लोटता येती. माझा मधला तुकडा उलटा बसलाय, अजून डोळ्यात खुपतो.

खोक्याच्या झाकणाची वेगळीच गंमत. झाकण आणि चौकट यात दोन मिलीची फट ठेवून मी लई नीट बनवलेलं, आणि मग झाकणाच्या कडांवरून सहा मिलीचं कार्पेट गुंडाळलो. बसेल कसं? पायानं दाबून बसवलो तर उघडेना. आत डबा, पाणी, मोबाइल सगळं. शेवटी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलो आणि कार्पेटचा एक कोपरा फाटला. कार्पेट गुंडाळणार असाल तर झाकण आधीच चारी बाजूंनी सहा-सात मिली कमी करा.

पहिल्या दिवशी मामांनी काठावर उभं राहून बघितलं, आत यायच्या आधी पायाकडं बघितलं, मग कार्पेटकडं, आणि म्हणाले, "इदेन्री सावकार्र, दोणि ऐतो मनी ऐतो?" कन्नडमध्ये मनी म्हणजे घर, होडी आहे का घर आहे हे! मी हसलो. पण तीन महिने ते चौथऱ्यावर चप्पल काढूनच चढायचे, ते बघून मला कसंतरी व्हायचं.

डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र खरंच सुख, खोटं कशाला सांगू. पहाटे धुकं उतरलेलं असताना अनवाणी उभं राहायचं, आवाज नाही, पाय घसरत नाही, वजनाचा डबा ठेवला तरी धप्प एवढंच. मरळ मारायला एवढ्या जवळ मी आधी कधीच गेलो नव्हतो. त्या तीन महिन्यांचं विचाराल तर मी डोळे झाकून घ्या म्हणून सांगेन.

पण मामांचे सहा दिवस वेगळे. जाळं ओढलं की त्याबरोबर बादलीभर पाणी येतं, ते सगळं मधल्या तुकड्यावर. गळाच्या माशाला पाणी येतंच कुठं. शिवाय खवले. रोहूचा खवला वाळला की कार्पेटच्या केसांत असा बसतो की टिकलीसारखा, ब्रशनं निघत नाही, नखानं एकेक काढावा लागतो. मी एका रविवारी मोजायला बसलो आणि साठ झाल्यावर सोडून दिलो. रोहू-कटल्याला आम्ही शेंगदाण्याची पेंड आणि कोंड्याचा गोळा लावतो, त्याचा चुरा आत जातो आणि होडी काठावर ओढलेली असली की रात्रीत मुंग्यांची रांग. गळ कार्पेटात अडकला तर ओढायचा नाही, ओढला की धाग्याचा गुच्छ घेऊनच येतो. पकडीनं काटा दाबून उलट्या वाटेनं काढायचा नाहीतर ब्लेडनं दोन धागे कापायचे.

मार्च-एप्रिलात उन्हानं दुसरं रूप दाखवलं. मी गडद निळा रंग घेतला होता, दिसायला भारी, दुपारी बाराला पाय ठेवता येत नाही. पत्र्यापेक्षा कमी भाजतं एवढंच. राखाडी घ्यायला पाहिजे होतं. आणि त्या उन्हानं रबरी गोंद मऊ पडून चौथऱ्याच्या मधे बशीएवढे दोन फुगे आले. एकाला सुईनं टोचून, सिरिंजनं गोंद सोडून, वर दगड ठेवून बसवलो, तो बसला. दुसरा अजून आहे, पाय पडला की फुस्स करतो.

सगळ्यात वाईट मे. हिडकल ५१ टीएमसीचं (म्हणजे ५१ अब्ज घनफूट पाण्याचं) धरण, भरलं की समुद्र वाटतो, पण मे महिन्यात पाणी मागं मागं जातं, जास्तच आटलं तर हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठलाचं देऊळ वर येतं आणि बघायला गर्दी होती. देवळापर्यंत ठीक, पण मधला जो गाळ आहे तो घोट्याच्या वर. तो पायाला लागून होडीत येतो आणि कार्पेटमध्ये वाळून सिमेंट होतो. तीन बादल्या पाणी, कपड्याचा ब्रश, अर्धा तास, आणि तरी कार्पेट वाळल्यावर थापटलं की धूळ उडती. साध्या प्लायवरून हेच काम एका तांब्यात होतं. मामा काही बोलले नाहीत, फक्त मी घासत असताना शेजारी बसून विडी ओढत होते. ते जास्त लागलं.

जूनमध्ये होडी वर काढून शेडखाली पालथी ठेवलो. ऑगस्टच्या शेवटी सरळ करून बघितलो तर वरून सगळं चकाचक. झाकणाजवळचा फाटलेला कोपरा सहज उचललो, आणि तिथून आतला कुबट वास. मग थांबवेना, अर्धं कार्पेट सोलून काढलो. मधल्या भागात स्क्रूभोवती प्लाय काळा पडलेला, स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर लोण्यात गेल्यासारखं आत. बाकी प्लाय ठणठणीत, फक्त भोकांभोवती रुपयाएवढे काळे डाग, सगळे त्या न भरलेल्या भोकांचे. कडेनं, फाटलेल्या कोपऱ्यातून पाणी आत गेलं आणि रबर बॅकिंगनं त्याला वर येऊ दिलं नाही. जे बॅकिंग मी जादा पैसे देऊन घेतलो तेच झाकण होऊन बसलं. बिनबॅकिंगचं असतं तर निदान वरून वाळलं असतं.

आणि प्लाय उचलल्यावर खाली ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर पांढरी पूड, नखानं खरवडली तर खाली खड्डे. मरीन प्लायला कीड-बुरशी लागू नये म्हणून जे औषध मारतात त्यात बऱ्याचदा तांबं असतं, आणि ओल्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. आमच्या धंद्यात हे पोरालासुद्धा माहीत असतं, तरी मी मधे रबराची पट्टी टाकलो नाही. खड्डे अर्ध्या मिलीच्या आत आहेत, वेल्डिंगवाला म्हणाला घाबरू नको. आता पॉलिश पेपर मारून, प्रायमर देऊन, फ्रेमच्या प्रत्येक पट्टीवर जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलोय आणि प्लायची सगळी भोकं भरून घेतलोय. स्क्रू स्टेनलेसचे होते, त्यांना काही झालं नाही.

तर आता कार्पेट फक्त पुढच्या चौथऱ्यावर आहे, ते पण गोंदानं नाही. जाड वेल्क्रोच्या पट्ट्या कडांना आणि मधे दोन, ओढलं की निघतं. रविवारी जाताना बसवतो, येताना काढून गाडीच्या डिकीत, घरी गच्चीवर दोरीला. बायको म्हणती सतरंजी धुतल्यासारखं करता. मधे आणि मागं भोकं असलेली रबरी मॅट टाकलोय, पाणी खाली जातं, मामांना चालती, गाळ एका तांब्यात. गळवाल्यांनी चौथऱ्यापुरतं कार्पेट जरूर घ्यावं, राखाडी, बिनबॅकिंगचं, काढता येणारं. जाळंवाल्याच्या होडीत घालू नका. माझ्यासारखी दोघांची होडी असेल तर आधी दुसऱ्याला विचारा, मी विचारलो नव्हतो.

मधला निळा तुकडा, उलट्या केसांचा, काढलो तेव्हा मामा म्हणाले फेकू नका. गेल्या रविवारी चहाला त्यांच्या घरात गेलो तर टीव्हीसमोर अंथरलेला, कडा सरळ कापून, वर नात बसून अभ्यास करत होती. मी चप्पल काढून त्यावर पाय ठेवणार तेवढ्यात मामा म्हणाले, "पाय पुसा सावकार, मनी ऐती." कोपऱ्यात एक खवला अजून चिकटलेला दिसत होता, काढलो नाही.